टॉवर दिसतो, पण रेंज येत नाही

धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या पाड्यांवर असं हमखास होतं: समोरच्या टेकडीवर टॉवर डोळ्यांना स्वच्छ दिसतो, पण मोबाइलवर रेंजची एक काडी येते आणि लगेच जाते. मग रेशन दुकानदार ई-पॉस मशीन हातात धरून उंचवट्यावर जातो आणि ग्रामसभेत मागणी होते, की टॉवर आणखी उंच करा. खरा दोष मात्र बहुतेक वेळा टॉवरच्या जागेत असतो.

रेडिओलहरी दोरीसारख्या एका रेषेत येत नाहीत. टॉवर आणि मोबाइल यांच्यामध्ये त्या काकडीच्या आकाराची जागा व्यापतात, दोन्ही टोकांना निमुळती आणि मधे फुगलेली. अंतर 4 किलोमीटर आणि लहरी 900 मेगाहर्ट्झच्या असतील, तर मधोमध या काकडीची त्रिज्या सुमारे 18 मीटर भरते. तिचा निदान 60 टक्के भाग, म्हणजे नजरेच्या रेषेखाली साधारण 11 मीटर, मोकळा लागतो. मधल्या डोंगरधारेवरची सागाची झाडं नजर अडवत नाहीत, पण या 11 मीटरमध्ये ती घुसतात आणि रेंज तिथेच गळते. अशा ठिकाणी टॉवर पाचदहा मीटरनं वाढवण्यापेक्षा त्याची जागा धारेच्या कडेला सरकवलेली बरी. 700 मेगाहर्ट्झच्या लहरी डोंगराच्या कडेवरून थोड्या तरी खाली वाकतात. 3500 मेगाहर्ट्झच्या 5जी लहरी फारशा वाकत नाहीत, म्हणून दऱ्याखोऱ्यांत त्यांच्यावर भिस्त ठेवू नये.

रावेर-यावलकडे डोंगराची अडचण नाही, तिथे केळी आहे. केळीचं पान म्हणजे पाण्यानं भरलेला रुंद पडदा, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. ठिबकवर बसवलेल्या ओलावा-सेन्सरची तक्रार म्हणूनच ठराविक वेळी येते. मृगबागेत जूनमध्ये जोडणी केली तेव्हा रोपं गुडघ्याएवढी असतात आणि सगळं सुरळीत चालतं. दिवाळीनंतर पानं डोक्यावर जातात आणि सेन्सर गप्प होतो. शेतकरी बॅटरी बदलतो, मग कार्ड बदलतो. उपाय साधा आहे: लावणीच्या वेळीच लोखंडी पाइप रोवून अँटेना पूर्ण वाढलेल्या बागेच्या एक मीटर वर घ्यावी. 865 ते 868 मेगाहर्ट्झचा पट्टा ठरलेल्या शक्तीच्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतो आणि अशा कामाला तो पुरतो.

खानदेशच्या उन्हाचा तडाखा टॉवरच्या बॅटरीला बसतो. टॉवरची यंत्रणा 48 व्होल्टवर चालते. शिशाच्या बॅटऱ्या असतील तर 2 व्होल्टचे 24 सेल ओळीनं जोडलेले असतात. या सेलचं आयुष्य 25 अंश तापमान धरून सांगितलेलं असतं आणि त्यापुढे दर दहा अंशांना ते जवळपास निम्मं होतं. जळगाव-भुसावळचा मे महिना 45 अंशांच्या घरात जातो, तेव्हा उन्हातल्या पत्र्याच्या पेटीतली बॅटरी किती टिकणार? गावकऱ्यांना याची परीक्षा घेता येते. वीज गेल्यापासून रेंज जाईपर्यंत किती वेळ लागला, हे तारखेसह वहीत लिहावं. पूर्वी सहा तास चालणारा टॉवर आता चाळीस मिनिटांत बंद पडत असेल, तर सेल संपलेत. "नेटवर्क नाही" या तक्रारीपेक्षा अशी नोंद कंपनीच्या माणसाला लगेच कामाला लावते.

काड्या भरलेल्या आणि इंटरनेट मात्र ढिम्म, हा प्रकार वेगळा. तिथे टॉवर ठीक असतो, त्यामागची फायबर तुटलेली असते. ही केबल साधारण 1.65 मीटर खोल टाकायची असते. तापीकाठच्या गाळात ते जमतं, सातपुड्याच्या काळ्या दगडात केबल वर राहते आणि नळयोजनेचा जेसीबी तिला उचलून काढतो. खोदकामाची आगाऊ सूचना देण्यासाठी मार्च 2023 पासून 'कॉल बिफोर यू डिग' हे अॅप आहे. पंचायतीनं ठेकेदाराच्या कार्यादेशातच ती अट घालावी.

किरणोत्सर्गाची भीती जवळजवळ प्रत्येक ग्रामसभेत निघते, आणि तिला आकड्यांनी उत्तर देणं हे आपलं कर्तव्य आहे. भारतानं 1 सप्टेंबर 2012 पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांश मर्यादा लागू केली. 900 मेगाहर्ट्झला ती दर चौरस मीटरला 0.45 वॅट होते. आता हिशेब करू. अँटेना 38 मीटरवर, 6 अंश खाली झुकलेली, तर मुख्य झोत जमिनीवर सुमारे 350 मीटरवर पोहोचतो, टॉवरच्या पायथ्याशी नाही. 20 वॅटची एक वाहिनी (टॉवरवरून निघणारा एक रेडिओप्रवाह) अँटेनामुळे त्या दिशेला 1000 वॅटसारखी वागते असं धरलं, तरी 350 मीटरवर दर चौरस मीटरला 0.00065 वॅट उरतो. अशा दहा वाहिन्या एकत्र धरल्या तरी तो मर्यादेच्या सत्तराव्या हिश्श्याच्या आसपास. उलट टॉवर लांब असला की कानाला लावलेला 4जी मोबाइल आपली शक्ती 200 मिलिवॅटपर्यंत चढवतो. जवळ असला की तीच शक्ती तो कित्येक पटींनी उतरवतो.

तरीही शंका राहिली तर दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' पोर्टलवर शुल्क भरून प्रत्यक्ष मोजणी मागता येते. मोजणी शाळेच्या गच्चीवर, झोताच्या दिशेला घ्यायला सांगावी.

आणि टॉवरच्या जागेसाठी कंपनीचा अर्ज आला, तर तो दप्तरात पडू देऊ नये. सार्वजनिक जागेच्या अर्जावर 67 दिवसांत निर्णय दिला नाही, तर 1 जानेवारी 2025 पासूनच्या नियमांनुसार मंजुरी मिळाली असं धरलं जातं. मग जागेबद्दल बोलायची गावाची संधी जाते. अर्ज आला त्याच आठवड्यात सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि कंपनीचा सर्वेअर यांनी प्रत्येक पाड्यावर जाऊन प्रस्तावित जागेकडे पाहावं. मधली धार आणि झाडं नकाशावर टिपावीत आणि तो नकाशा ठरावाला जोडावा.