रत्चानोक इंतानोन

रत्चानोक इंतानोन (जन्म ५ फेब्रुवारी १९९५) ही थायलंडची बॅडमिंटनपटू. २०१३ ची महिला एकेरीतली वर्ल्ड चॅम्पियन, आणि बॅडमिंटनच्या कुठल्याही प्रकारात जगज्जेतेपद मिळवणारी पहिली थाई खेळाडू. घरचं नाव मे. थायलंडमध्ये जवळपास प्रत्येकालाच असं एक छोटं हाक मारायचं नाव असतं, त्यामुळे तिकडे ती 'नोंग मे' म्हणजे धाकटी बहीण मे.

आधी नावाचं बघू, कारण मराठीत ते रत्चानोक, राचानोक, रॅटचनोक असं हवं तसं छापलं जातं. थाई लिपीत हे नाव र-ज-न-क अशा अक्षरांनी लिहितात. थाईमध्ये शब्दावयवाच्या शेवटी ज आला की त्याचा उच्चार त् होतो, आणि इथे तोच ज पुढच्या अवयवाच्या सुरुवातीलाही पुन्हा म्हटला जातो, म्हणून रत्-चा-नोक असे तीन तुकडे होतात. म्हणजे इंग्रजी स्पेलिंगमधला टी हा मुळात आपला ज आहे. पहिला भाग राज किंवा राज्य या शब्दाचा थाई अवतार दिसतो, शेवटचा भाग 'जनक' असावा असा एक अर्थ लावतात, तर नुसतं 'नोक' घेतलं तर थाईमध्ये त्याचा अर्थ पक्षी. जनकवाली फोड जास्त पटते. आडनाव मात्र सरळ आहे, इन्द आणि नन्द. थायलंडमधलं सगळ्यात उंच शिखर दोई इंथानोन, त्याचंही स्पेलिंग थाईत हेच. या नोंदीत रत्चानोक हे रूप उच्चाराला धरून घेतलंय, आणि इंतानोन हे तिच्या इंग्रजी स्पेलिंगला धरून.

जन्म यासोथोन प्रांतातला, म्हणजे थायलंडच्या ईशान्येकडचा इसान भाग, तिथून कामासाठी बँकॉकला येणारी माणसं खूप. तिचे आईवडीलही तसेच आले आणि एका मिठाईच्या कारखान्यात कामाला लागले. कारखान्याच्या मालकीण कमला थोंगकोर्न यांनीच बान थोंग योत ही बॅडमिंटन शाळा चालवली. रत्चानोक लहानपणी कारखान्यातच इकडून तिकडे पळायची, तिथे उकळत्या पाकाची भांडी, पोरगी भाजेल म्हणून तिच्या हातात रॅकेट देऊन तिला कोर्टवर पाठवलं गेलं, ही गोष्ट बहुतेक सगळीकडे अशीच सांगतात. तेव्हाचं वय कुठे पाच, कुठे सहा, कुठे सात दिलेलं असतं, सहाच्या आसपास धरायला हरकत नाही.

शाळेच्या नावातला थोंग योत हा खरं तर मिठाईचा प्रकार. थोंग म्हणजे सोनं, योत म्हणजे थेंब. अंड्याचं पिवळं बलक हलकं होईपर्यंत फेटायचं, त्यात थोडं पीठ घालायचं, मग ते मिश्रण बोटांच्या चिमटीत घेऊन अंगठ्याने झटक्यात उकळत्या पाकात सोडायचं. थेंबाच्या आकाराचे सोनेरी गोळे तयार होतात, आणि सगळं कसब त्या एका झटक्यात असतं. हा पदार्थ १७ व्या शतकात थायलंडची तेव्हाची राजधानी अयुथ्या इथल्या राजवाड्यात मारिया गुयोमार दे पिन्या या बाईने आणला असं थायलंडमध्ये सर्रास सांगतात. जपानी-पोर्तुगीज वळणाच्या कुटुंबातली ही बाई, नवरा राजा नारायचा ग्रीक सल्लागार कॉन्स्टंटाइन फॉल्कन, आणि वडील गोव्याकडून आलेले असं म्हणतात, म्हणजे धागा थेट आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो. पण अयुथ्यात पोर्तुगीज वस्ती १६ व्या शतकापासूनच होती, त्यामुळे अंड्याच्या बलकाची मिठाई त्यांच्या घराघरातून आधीच आली असेल आणि नाव एका प्रसिद्ध बाईला चिकटलं असेल, हे मत जास्त संयमित वाटतं.

ज्युनियरमधली तिची कामगिरी अफाट आहे. २००८ ची वर्ल्ड ज्युनियर स्पर्धा पुण्यात झाली होती आणि मुलींच्या एकेरीत सायना नेहवाल जिंकली होती. पुढच्याच वर्षी मलेशियातल्या आलोर सेतारला १४ वर्षांच्या रत्चानोकने तोच किताब घेतला, फायनलमध्ये समोर थायलंडचीच पोर्नतिप बुरानाप्रासर्तसुक. मग २०१० आणि २०११ लाही तीच जिंकली. एकेरीत सलग तीन वर्ल्ड ज्युनियर किताब त्याआधी कुणीच घेतले नव्हते. ही घडण चिनी कोच शिए झिहुआ यांच्या हाताखालची.

२०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये क्वार्टरफायनलला चीनच्या वांग शिनविरुद्ध पहिला गेम घेऊनही ती हरली. २०१३ मध्ये ऑल इंग्लंडच्या फायनलमध्ये डेन्मार्कच्या टिने बाउनकडून हार, मग इंडिया ओपन जिंकली, आणि ऑगस्टमध्ये ग्वांगझूची वर्ल्ड चॅम्पियनशिप. सेमीफायनलमध्ये तिने पी. व्ही. सिंधूला २१-१०, २१-१३ असं हरवलं. दोघी १९९५ च्याच, आणि सिंधूचं पहिलं वर्ल्ड ब्राँझ हेच. ११ ऑगस्टला फायनल, समोर ऑलिम्पिक चॅम्पियन ली श्वेरुई, तीही स्वतःच्या देशात, घरच्या प्रेक्षकांसमोर. स्कोअर २२-२०, १८-२१, २१-१४. रत्चानोक तेव्हा साडेअठरा वर्षांची. सगळ्यात लहान वर्ल्ड चॅम्पियन असं जे लिहितात ते एकेरीपुरतं वाचावं.

तिच्या खेळाबद्दल लिहायचं तर फसवणुकीबद्दलच लिहावं लागतं. मागच्या कोर्टवरून टॉस (उंच, खोल फटका), ड्रॉप (नेटजवळ टाकलेला हळू फटका) आणि स्मॅश हे तिन्ही फटके ती एकाच तयारीतून मारते, खांदा तोच, कोपर तसंच वर, आणि शटल रॅकेटला लागायच्या अगदी आधी बोटं आणि मनगट तोंड फिरवतात. क्रॉस ड्रॉपला, म्हणजे तिरप्या ड्रॉपला, रॅकेट शटलच्या कडेवरून घासून जाते, स्विंग पूर्ण वेगाचा असतो, शटल मात्र हळू येऊन नेटच्या पलीकडे लगेच पडतं. समोरची खेळाडू तोपर्यंत मागे सरकलेली असते. नेटवर रॅकेट धरून क्षणभर थांबायची सवयही याचाच भाग, त्या थांबण्यात समोरचीचा पाय आधी उचलला जातो आणि तिथेच पॉइंट संपतो. यात ताकदीपेक्षा वेळेचं गणित जास्त आहे, म्हणूनच तिचे स्लो मोशनमधले व्हिडिओ कोच लोक पोरांना पुन्हा पुन्हा दाखवतात. पण शरीर फार वळवून खेळायचं म्हणजे पाय आणि पाठीवर ताण येतो, दुखापती पुढे वारंवार आल्याच.

२०१५ मध्ये आशियाई चॅम्पियनशिप आणि इंडोनेशिया ओपन. २०१६ च्या मार्च-एप्रिलमध्ये इंडिया, मलेशिया आणि सिंगापूर ओपन अशा तीन सुपर सिरीज, म्हणजे तेव्हाच्या वरच्या दर्जाच्या स्पर्धा, तिने लागोपाठच्या तीन आठवड्यांत जिंकल्या, विमानातून उतरायचं आणि परत खेळायचं, आणि त्याच एप्रिलमध्ये ती वर्ल्ड नंबर वन झाली. हा मान मिळवणारी थायलंडची पहिली महिला. त्याच वर्षी रिओ ऑलिम्पिकच्या उद्घाटनात थायलंडचा झेंडा तिच्याच हातात होता, पण तिथे जपानच्या अकाने यामागुचीने तिला राउंड ऑफ १६ मध्ये बाहेर काढलं.

ऑलिम्पिक पदक तिला मिळालंच नाही, आणि हे लिहिताना खरंच वाईट वाटतं. टोकियोला क्वार्टरफायनलमध्ये तैवानच्या ताई त्झु-यिंगविरुद्ध पहिला गेम जिंकून पुढचे दोन्ही गेम १८-२१ ने गेले. २०२४ ला पॅरिसमध्ये तिने त्याच ताईला ग्रुपमध्येच हरवलं, मग क्वार्टरफायनलमध्ये इंडोनेशियाची ग्रेगोरिया तुंजुंग भारी पडली, तेही पहिला गेम २३-२५ पर्यंत ताणल्यावर.

मधल्या वर्षांत २०१८ चं उबर कप या महिलांच्या सांघिक जागतिक स्पर्धेतलं रौप्य (बँकॉकच्या फायनलमध्ये जपानकडून हार), २०१९ ची इंडिया ओपन म्हणजे दिल्लीतला तिसरा किताब, आणि त्याच वर्षी बासेलला वर्ल्ड ब्राँझ.

बान थोंग योतमधूनच पुढे कुनलावुत वितिदसार्न आला. त्यानेही तीन वर्ल्ड ज्युनियर किताब घेतले, २०२३ मध्ये कोपनहेगनला पुरुष एकेरीचा वर्ल्ड चॅम्पियन झाला, आणि पॅरिसमध्ये रौप्य मिळवून थायलंडला बॅडमिंटनचं पहिलं ऑलिम्पिक पदक दिलं.