नवीन पीसी चालूच होत नाहीये? दुकानात आणायच्या आधी एवढं बघा

आमच्याकडून पार्ट्स घेऊन घरी स्वतः पीसी जोडणाऱ्यांसाठी हे पत्रक आहे. सगळं जोडून झालं, बटण दाबलं आणि काहीच नाही, ना पंखा ना लाइट, तेव्हा पोटात गोळा येतो हे आम्ही रोज बघतो, कारण त्या डब्यात तुमचे पन्नास-साठ हजार गेलेले असतात. पण अशा वेळी पार्ट जळालेला क्वचितच निघतो. बहुतेकदा एखादी वायर राहिलेली असते नाहीतर अर्धवट बसलेली असते. त्यामुळे घाईत सगळं उपसू नका आणि कुठेही जोर लावू नका.

आधी नक्की काय होतंय ते नीट बघा. पंखे अजिबात फिरत नाहीत ही एक गोष्ट, आणि पंखे फिरतात पण स्क्रीन काळी राहते ही पूर्ण वेगळी गोष्ट. फोनवर दोन्हीला लोक "चालू होत नाही" म्हणतात आणि मग आमचाही वेळ जातो, तुमचाही.

काहीच हलत नसेल तर भिंतीपासून सुरुवात करा. त्याच सॉकेटमध्ये मोबाईलचा चार्जर लावून बघा, स्पाइक गार्डचं बटण बघा, पहिल्या टेस्टला यूपीएस मध्ये घेऊच नका, थेट भिंतीला लावा. पॉवर सप्लायच्या (भिंतीकडची वायर ज्या डब्याला लागते तो) मागे छोटा स्विच असतो, रेघ म्हणजे चालू आणि गोल म्हणजे बंद, तो बंद राहिल्याच्या केसेस खूप येतात. जुना स्वस्तातला सप्लाय वापरत असाल आणि मागे ११५/२३० असा लाल स्विच असेल तर तो २३० वरच पाहिजे, ११५ वर ठेवून आपल्या लाइनला लावला तर सप्लाय उडतो.

आता बटण न दाबता मदरबोर्डाकडे बघा, म्हणजे सगळे पार्ट ज्यावर बसतात त्या मोठ्या बोर्डाकडे. बऱ्याच बोर्डांवर मेन चालू केला की एखादा छोटा लाइट लागतो. तो लागला म्हणजे सप्लायमधून स्टँडबायचे (पीसी बंद असतानाही येणारे) ५ व्होल्ट येतायत आणि २४ पिनची केबल निदान लागलेली आहे. लाइट नसेल तर मेन बंद करून ती केबल काढून पुन्हा लावा, क्लिप "टक्" करून अडकली पाहिजे, आणि मॉड्युलर सप्लाय (ज्याच्या केबल सप्लायपासूनही सुट्या होतात) असेल तर सप्लायकडचं टोकही तसंच तपासा, ते टोक बघायचंच लोक विसरतात.

दुसरी केबल प्रोसेसरची, वरच्या डाव्या कोपऱ्यात, ४+४ अशी आठ पिनची. ही राहिली तर काही बोर्ड पंखे फिरवतात पण डिस्प्ले येत नाही, काही बोर्ड हलतसुद्धा नाहीत. ग्राफिक्स कार्डची केबलपण आठच पिनची असते पण ती ६+२ अशी फुटते आणि तिच्यात प्लस-मायनसची मांडणी उलटी असते, म्हणून एखादा प्लग जात नसेल तर दाबून बसवू नका, तो तिथला नाहीच. आणि हे कळकळीने सांगतो: जुन्या सप्लायच्या मॉड्युलर केबल नवीन सप्लायला लावू नका. बोर्डाकडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, सप्लायकडचं प्रत्येक कंपनीचं वेगळं, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचंही वेगळं असतं. केबल आरामात बसते आणि एसएसडी-हार्डडिस्क जळते, मग डेटाही गेला आणि वॉरंटीही.

आता मुख्य संशयित, पॉवर बटणाची वायर. कॅबिनेटमधून येणारे ते बारीक प्लग बोर्डाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या पिनांवर लावायचे असतात आणि तिथे अक्षरं इतकी बारीक असतात की मोबाईलचा टॉर्च लावल्याशिवाय दिसत नाहीत. हल्लीच्या बहुतेक बोर्डांवर नऊ पिना असतात, दोन रांगा, एका रांगेत टोकाची एक पिन मुद्दाम काढलेली. त्या रिकाम्या जागेला लागून त्याच रांगेत ज्या दोन पिना आहेत त्या पॉवर बटणाच्या. तरी मॅन्युअलमधलं चित्र बघूनच लावा. बटणाचा प्लग उलटा लागला तरी चालतो, उलटसुलट फक्त एलईडीच्या वायरींना लागू आहे. बटणावर संशय असेल तर प्लग काढा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने त्या दोन पिना क्षणभर एकमेकींना टेकवा. तिथे फार तर ५ व्होल्ट असतात, शॉक लागत नाही, पण बाजूच्या पिनांना टोक लावू नका. पीसी चालू झाला तर बोर्ड ठीक आहे, दोष कॅबिनेटच्या बटणात. रिसेटच्या बटणाची वायर पॉवरच्या जागी लावून काम भागवता येतं, आम्हीच तसं करून देतो.

पंखे एक सेकंद फिरून थांबत असतील तर शॉर्टचा संशय घ्या. बोर्डाखाली पितळी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून उचलून धरणारे छोटे खांब) असतात, जिथे बोर्डाला भोक नाही तिथे एखादा राहिला तर तो मागच्या सोल्डरिंगला टेकतो आणि सप्लाय स्वतःला वाचवायला बंद होतो. मेन बंद करून एखादा मिनिट थांबा, मग बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा, प्रोसेसर, कूलर आणि एकच रॅम, बाकी काही नको. खोक्यावर चालला आणि कॅबिनेटमध्ये नाही, म्हणजे शॉर्ट कॅबिनेटमध्ये आहे. मागच्या पोर्टांभोवतीच्या पत्र्याची एखादी पातळ पट्टी यूएसबी किंवा लॅन पोर्टच्या आत वाकून गेलीये का तेही बघा.

२४ पिनच्या प्लगमधल्या दोन पिना पेपरक्लिपने जोडून सप्लाय चालू करायचे व्हिडिओ बघून आलेलं गिऱ्हाईक बरंच असतं. पद्धत चुकीची नाही, पण हल्ली सगळ्या वायरी काळ्या असतात, पिन मोजायला चुकलात तर नुकसान, आणि काही सप्लायचा पंखा लोड नसताना फिरतच नाही मग चांगला सप्लाय मेलेला वाटतो. सप्लाय आमच्याकडे आणा, टेस्टरवर दोन मिनिटांत कळतं, त्याचे पैसे घेत नाही. मात्र सप्लाय उघडायचा नाही म्हणजे नाही, प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ते घरातल्या अर्थिंगचं काम आहे. सप्लायमधला फिल्टर थोडा करंट बॉडीवर सोडतो, तो अर्थमधून जायला हवा, अर्थ नसला की तुमच्यातून जातो. इलेक्ट्रिशियनला बोलवा, तीन पिनच्या प्लगची अर्थ पिन तोडून दोन पिनच्या सॉकेटमध्ये घालू नका.

पंखे फिरतात पण स्क्रीन काळी असेल तर मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डला लावलीये का बघा. इंटेलच्या एफ वाल्या (नावाच्या शेवटी एफ असलेल्या) प्रोसेसरमध्ये आणि एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्ये ग्राफिक्स नसतंच, बोर्डाच्या एचडीएमआयला काही येणार नाही. रॅम एकच ठेवा, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये, दोन्ही बाजूंनी दाबून. डीडीआर५ रॅम असेल, खासकरून एएम५ (एएमडीच्या नव्या सॉकेटचा) बोर्ड, तर पहिल्यांदा रॅम ट्रेनिंगला, म्हणजे बोर्डाला रॅमशी जुळवून घ्यायला, काही मिनिटं लागतात, तेवढा वेळ स्क्रीन काळीच राहते. दहा-पंधरा मिनिटं खरंच थांबा, मध्ये बंद केलंत तर पुन्हा पहिल्यापासून. प्रोसेसर बोर्डापेक्षा नवीन पिढीचा असेल तर बायोस (बोर्डातलं सॉफ्टवेअर) अपडेट करावं लागू शकतं, ते आम्ही करून देतो.

इथपर्यंत करून जमलं नाही तर घेऊन या. कूलर घरी काढू नका, एएम४ मध्ये (एएमडीचं जुनं सॉकेट) कूलरखालची पेस्ट चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. बिल, बोर्डाचं खोकं आणि प्रोसेसरच्या सॉकेटवर काळं प्लास्टिक झाकण आलं असेल तर तेही आणा, त्या झाकणाशिवाय बोर्ड वॉरंटीला घेताना कंपन्या अडवतात. बाइकवरून आणणार असाल तर ग्राफिक्स कार्ड काढून त्याच्या खोक्यात वेगळं आणा, खड्ड्यांमध्ये त्याच्या वजनाने बोर्डाचा स्लॉट तुटतो.