रोमन कोरीव रत्नं आणि काचेचा गुंता

अंगठीत बसवायचे नखाएवढे खडे, बहुतेक अकीक नाहीतर ओनिक्स (पट्ट्यापट्ट्यांचा दगड), त्यावर देव, प्राणी, चेहरे उलटे कोरलेले, म्हणजे मेणावर दाबले की सुलटे उमटायचे, सहीच ती. पैठणचा ओनिक्स गाड्यांवरून भडोचला येतो आणि तिथून पश्चिमेकडे जातो, असं पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय. संग्रहाची हौसही तेव्हापासूनचीच, रोमच्या देवळांत रत्नांच्या पेट्या अर्पण केल्याच्या नोंदी आहेत.

खरा घोळ आहे तो 'रत्न' या शब्दात. ज्याला दगड परवडत नसे तो काचेचा खडा घ्यायचा, कोरलेल्या दगडावरून मातीचा साचा करून त्यात काच दाबायची, आणि म्युझियमवाले यालाही रत्नच म्हणतात. मग 18व्या शतकात युरोपातल्या श्रीमंतांना याचं वेड लागलं, जुन्या रत्नांच्या काचेतल्या नकला हजारोंनी निघाल्या, त्यांना म्हणायचे पेस्ट, आणि रोमन काचेलाही पेस्टच. आता यातलं जुनं कुठलं आणि नवं कुठलं? एका पोलिश राजपुत्राने तर जवळपास 2,500 रत्नं नवीन करवून घेतली होती, प्राचीन कारागिरांच्या खोट्या सह्यांसकट, 1839 च्या लिलावानंतर त्यावरून इतका गदारोळ झाला की अभ्यासकांचा या विषयावरचा विश्वासच उडाला.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये अशा बऱ्याच वस्तूंची एकेकटी नोंदच झाली नाही, ना नंबर ना फोटो. माझ्या मते ही फार मोठी चूक होती, कारण साधी माणसं बोटात काय घालायची ते या काचेतूनच कळतं, शिवाय मूळ दगड हरवला तरी त्याचं चित्र काचेत टिकलेलं असतं.

नोंद नाही म्हटल्यावर गेलेलं कळणार कसं? 2021 मध्ये एका व्यापाऱ्याने ऑनलाइन विक्रीत म्युझियमच्याच वस्तू ओळखून तसं म्युझियमला कळवलं, उत्तर मिळालं सगळं जागेवर आहे. 2023 मध्ये म्युझियमने कबूल केलं की सुमारे 2,000 वस्तू गायब, चोरीला गेलेल्या किंवा खराब झालेल्या आहेत, त्यात बरीचशी हीच रत्नं. संचालकांनी पद सोडलं, सगळा संग्रह 5 वर्षांत ऑनलाइन नोंदवायचं ठरलं. शेकडो वस्तू परत मिळाल्यात, पण सुमारे 350 वस्तूंचे काही भाग काढून घेतलेले, रत्नांची सोन्याची कोंदणं वगैरे, आणि ती परत मिळायची शक्यता जवळपास नाहीच.