सलाईन भराभर सोडावं का?

तापाने फणफणलेलं मूल. अंगठ्याचं नख दाबून सोडलं, तर गुलाबी रंग परत यायला तीन सेकंद लागतात. मांड्या गरम, पावलं मात्र गार. मनगटाला नाडी जेमतेम लागते. रक्त हातापायांच्या टोकांपर्यंत नीट पोचत नसल्याच्या या खुणा. अशा मुलाला शिरेतून भराभर सलाईन द्यायचं, हे श्रीमंत देशांतल्या डॉक्टरांना अगदी पाठ होतं. रक्तवाहिन्या भरल्या की रक्तदाब सावरतो, असा त्यामागचा विचार. आपल्याकडे तर पेशंटच म्हणतो, 'डॉक्टर, एक बाटली चढवा.'

विचार इतका उघड वाटत होता, की मुलांवर तो मोठ्या चाचणीत कुणी पारखूनच पाहिला नव्हता. ते काम केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या सहा रुग्णालयांनी केलं. बालरोगतज्ज्ञ कॅथरिन मेटलँड यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी २००९मध्ये 'फीस्ट' ही चाचणी सुरू झाली. केनियाच्या किनाऱ्यावरचं किलिफी आणि युगांडातलं म्बाले ही त्यातली दोन गावं. तिथे साधे बालरुग्ण वॉर्ड होते, अतिदक्षता विभाग नव्हता. सलाईन भराभर देण्याची पद्धतही तिथे रुळलेली नव्हती. ती आणली तर किती मुलं वाचतील, हे संशोधकांना मोजायचं होतं.

एकूण ३,१४१ मुलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट केले. एका गटाला पहिल्या तासात वजनाच्या दर किलोमागे २० ते ४० मिलिलिटर सलाईन, दुसऱ्याला तेवढंच अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातल्या एका प्रथिनाचं द्रावण, आणि तिसऱ्याला फक्त रोजच्या गरजेपुरतं, संथ द्रव. प्रतिजैविकं, मलेरियाची औषधं, ऑक्सिजन हे सगळ्यांना सारखंच. मूल अत्यवस्थ असताना आईबापांपुढे कागद धरून समजावत बसायला वेळ नसतो. म्हणून अशा वेळी आधी तोंडी होकार आणि मूल थोडं स्थिरावल्यावर सविस्तर लेखी संमती, अशी रीत ठेवली होती.

जानेवारी २०११मध्ये आकडे तपासणाऱ्या स्वतंत्र समितीने नवीन मुलं घेणं थांबवायला सांगितलं. ४८ तासांत दगावलेल्या मुलांचं प्रमाण सलाईनच्या गटात १०.५ टक्के होतं, अल्ब्युमिनच्या गटात १०.६ टक्के आणि ज्यांना भराभर काहीच दिलं नव्हतं त्यांच्यात ७.३ टक्के. म्हणजे ज्या उपचाराने जीव वाचतील असं वाटत होतं, त्याने दर शंभर मुलांमागे आणखी तीन दगावत होती.

ही फक्त मलेरियाची गोष्ट असेल, अशी शंका लगेच निघाली. निम्म्याहून जास्त मुलांना मलेरिया होताच. पण मलेरिया नसलेल्या मुलांतही भराभर द्रव देण्याचा फायदा दिसला नाही. मग फुप्फुसात पाणी साठून मुलं गेली असतील का? नोंदी पुन्हा तपासल्यावर दिसलं, की जास्तीचे मृत्यू मुख्यतः रक्ताभिसरण कोसळून झाले होते. रक्ताभिसरण सावरावं म्हणून तर द्रव दिला होता!

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. जुलाबाने शरीरातलं पाणी गेलेली मुलं या चाचणीत घेतलीच नव्हती. त्यांना पाणी भरून द्यावंच लागतं, तोंडाने किंवा शिरेतून. हा निष्कर्ष त्यांना लावायचा नाही.

पुढे २०१७मध्ये झांबियातल्या लुसाकाच्या रुग्णालयातून प्रौढांविषयीही असाच निकाल आला. जंतुसंसर्गाने रक्तदाब घसरलेल्या, बहुतांशी एचआयव्हीबाधित अशा सुमारे दोनशे रुग्णांपैकी जास्त द्रव आणि रक्तदाब वाढवणारी औषधं ठरलेल्या क्रमाने दिलेल्या गटात ४८ टक्के दगावले, नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात ३३ टक्के. आफ्रिकेतलं संशोधन म्हणजे बाहेर ठरलेलं तिथे जाऊन राबवणं, असा समज आपल्या मनातही असतो. मला तो फार अन्यायाचा वाटतो. इथे तर मूळ प्रश्नाचं उत्तरच त्या वॉर्डांनी शोधलं.

मेटलँड आणि त्यांचे युगांडा-मलावीतले सहकारी मग रक्ताच्या बाटलीकडे वळले. गंभीर रक्तक्षय झालेल्या मुलाला दर किलोमागे २० मिलिलिटर रक्त द्यावं की ३०? २०१९मध्ये आलेलं उत्तर थर्मामीटरवर अवलंबून होतं: ताप नसेल तर ३० मिलिलिटरने जास्त मुलं वाचली, ताप असेल तर २० मिलिलिटरने.