टॉर्चच्या खोक्यावरचे ‘क्यू५’ आणि ‘टी६’ : पार्श्वभूमी

स्वस्त झूम टॉर्चच्या खोक्यावर हटकून ‘क्यू५’ किंवा ‘टी६’ छापलेलं असतं. ही मॉडेलची नावं नाहीत, अमेरिकेतल्या क्री कंपनीच्या प्रतवारीतली चिन्हं आहेत. एकाच वेफरमधून (ज्या चकतीतून चिपा कापतात तिच्यातून) निघालेले एलईडीसुद्धा सारखे उजळत नाहीत. म्हणून कारखान्यात प्रत्येकाचा प्रकाश ठरावीक प्रवाहावर मोजून गट पाडतात. अशा गटाला बिन म्हणतात.

पांढरा एलईडी बाजारात आला तो १९९६ साली, जपानच्या निचिया कंपनीकडून : निळी गॅलियम नायट्राइड चिप आणि तिच्यावर पिवळा फॉस्फर, म्हणजे निळा प्रकाश शोषून पिवळा देणारा लेप. सुरुवातीच्या ५ मिमी एलईडींना २० मिलिअँपिअरच्या आसपासच चालवावं लागे, कारण उष्णता बाहेर पडायला दोन बारीक पायांखेरीज वाट नव्हती. जास्त प्रवाह दिला की इपॉक्सी पिवळं पडून प्रकाश उतरत जाई. लुमिलेड्स कंपनीच्या लक्सियन एलईडीने चिपखाली धातूचा ठोकळा बसवला आणि १ वॉट, म्हणजे ३५० मिलिअँपिअर, शक्य झालं. ३५० चा हाच आकडा पुढे मोजमापाचा प्रघात बनला.

२००६ च्या अखेरीस क्रीचा एक्सआर-ई हा एलईडी आला आणि टॉर्चचं जग खऱ्या अर्थाने बदललं. त्याच्या क्यू५ बिनची हमी होती ३५० मिलिअँपिअरवर किमान १०७ लुमेन (लुमेन हे एकूण उजेडाचं माप). चार-पाच वर्षांत क्रीचाच एक्सएम-एल आला. त्याचा टी६ म्हणजे किमान २८० लुमेन, पण ७०० मिलिअँपिअरवर. दोन्ही आकडे शेजारी ठेवून ‘टी६ जवळजवळ तिप्पट’ असं म्हणणं चूक आहे. वॉटने भागलं तर क्यू५ सुमारे ९३ लुमेन प्रति वॉट पडतो आणि टी६ सुमारे १३८.

या सुधारणेतला काही भाग निव्वळ क्षेत्रफळाचा आहे. एक्सआर-ईची चिप साधारण १ चौ. मिमी, एक्सएम-एलची ४. म्हणजे मोजमापाच्या वेळी पहिलीच्या दर चौ. मिमीवर ३५० मिलिअँपिअर पडत होते, दुसरीच्या १७५ च. नायट्राइड चिपमध्ये प्रवाहाची घनता वाढली की कार्यक्षमता घसरते. एक्सएम-एल टी६ला ३ अँपिअर दिले तर सुमारे १० वॉट खर्चून ९०० च्या आसपास लुमेन मिळतात. १३८ चे ९० वर येतात. मोठ्या चिपची किंमत झोतात मोजावी लागते : त्याच रिफ्लेक्टरमध्ये एक्सएम-एलचा झोत पसरट होतो, लांब फेकीसाठी लहान चिपच बरी.

आणखी एक खोच. एक्सएम-एलची प्रतवारी चिप २५ अंश सेल्सिअसवर असताना व्हायची, त्याच्या पुढच्या आवृत्तीची, एक्सएम-एल२ची, ८५ अंशांवर. तापल्यावर एलईडीचा प्रकाश उतरतो. त्यामुळे एल२चा टी६ जुन्या टी६पेक्षा वरचढ आहे, अक्षर तेच असलं तरी.

पण ही सगळी हमी चिपखालची उष्णता निघून जाण्यावर अवलंबून. साध्या ॲल्युमिनियम पीसीबीत (एलईडी ज्यावर बसवतात त्या पट्टीत) चिप आणि धातू यांच्यामध्ये विद्युतरोधक थर असतो. ३ अँपिअरला तो अडसर ठरतो. एक्सएम-एलचा मधला उष्णता-पॅड विजेच्या दृष्टीने अलिप्त असल्यामुळे तो थेट तांब्याला डाखता येतो, आणि जास्त प्रवाहाला तसाच तांब्याचा पीसीबी घ्यावा. चिप अति तापली की प्रकाश निळसर होत जातो. मग प्रवाह वाढवूनही उजेड वाढत नाही.

हातातल्या टॉर्चची शहानिशा प्रवाहावरून होते. पूर्ण चार्ज केलेला लिथियम-आयन सेल घालून मागचं झाकण काढा, मीटर १० अँपिअरवर लावून एक टोक सेलच्या ऋण बाजूला, दुसरं टॉर्चच्या उघड्या धातूला टेकवा. वायर जाड आणि आखूड हव्यात, नाहीतर आकडा कमी दिसतो. एका सेलवर चालणाऱ्या साध्या लिनिअर ड्रायव्हरमध्ये (प्रवाह आवरणाऱ्या सर्किटमध्ये) एलईडीतूनही जवळपास तेवढाच प्रवाह जातो. मीटर १ अँपिअर दाखवत असेल, तर अस्सल टी६सुद्धा ४०० लुमेनच्या आतच राहतो, आणि त्यातले काही काच व रिफ्लेक्टर खातात. खोक्यावर २००० लिहिलेलं असो की २०,०००.