टीएसएच परत करायचं, पण कधी?

रिपोर्टमध्ये टीएसएच ५.८ आलं की लगेच "थायरॉइड वाढलंय" असं म्हटलं जातं. खरं तर प्रकार उलटा आहे. टीएसएच हे थायरॉइडचं हार्मोनच नाही, ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीतून येतं आणि गळ्यातल्या थायरॉइडमागे कामाचा तगादा लावतं. थायरॉइड कमी पडायला लागली की तगादा वाढतो, म्हणून बहुतेक वेळा टीएसएच वर जाणं म्हणजे टी४, म्हणजे थायरॉइड स्वतः बनवते ते हार्मोन, कमी झालंय किंवा त्या वाटेवर आहे.

हा तगादा फार हळवा असतो. टी४ निम्म्यावर आलं तर टीएसएच दुप्पट नाही, शंभरपटीच्या घरात जाऊ शकतं. त्यामुळे बिघाड लवकर पकडायला ही टेस्ट उत्तम, पण त्याच कारणामुळे ती बारीकसारीक गोष्टींनीही हलते. टीएसएच मध्यरात्रीनंतर सगळ्यात जास्त असतं, दुपारी खाली येतं, त्यामुळे त्याच माणसाचं सकाळी आठला ४.९ आणि दुपारी ३.७ आलं तर त्यात नवल नाही, आणि बऱ्याच लॅबमध्ये नॉर्मलची वरची रेघ ४ ते ४.५ च्या आसपास असते, म्हणजे एकाच दिवशी तुम्ही रेघेच्या दोन्ही बाजूंना असू शकता. मोठ्या आजारातून उठतानाही ते काही दिवस वर जातं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर काही मशीनवर आकडे चक्क खोटे येतात, टीएसएच कमी आणि टी४ जास्त, म्हणून टेस्टच्या निदान दोन दिवस आधी त्या थांबवायच्या.

म्हणून पहिल्यांदा थोडंसं वाढलेलं टीएसएच आलं, टी४ नॉर्मल आहे आणि गरोदरपण नाही, तर सहसा दोन-तीन महिन्यांनी परत तपासतात, आणि बऱ्याच जणांचं आपोआप नॉर्मलला येतं. एका रिपोर्टवर आयुष्यभराची गोळी सुरू होऊ नये असं मला अगदी मनापासून वाटतं. १० च्या वर असेल तर गोष्ट वेगळी, तिथे उपचार लागण्याची शक्यता बरीच जास्त. आणि टीपीओ अँटिबॉडी (शरीर आपल्याच थायरॉइडवर हल्ला करतंय का ते सांगणारी टेस्ट) एकदा पॉझिटिव्ह आली की ती परत परत करण्यात काही हशील नाही.

खरा घोळ होतो तो डोस बदलल्यावर. थायरॉइडची गोळी म्हणजे टी४च, समजा ती ५० मायक्रोग्रॅमची ७५ केली. टी४ रक्तात निम्मं व्हायला साधारण ७ दिवस लागतात, त्यामुळे नवी पातळीही तितक्याच सावकाश चढते, पहिल्या आठवड्यात फरकाचा निम्मा भाग, दुसऱ्यात पाऊण, पाचव्या आठवड्यापर्यंत कुठे ९७ टक्के, आणि पिट्यूटरीला ते उमगून टीएसएच खाली यायला आणखी वेळ. म्हणून ६ ते ८ आठवडे थांबायचं. पंधराव्या दिवशी रक्त दिलं तर टीएसएच अजून वरच दिसणार, मग घाईने डोस आणखी वाढवला जातो, आणि दोन महिन्यांनी तोच माणूस धडधड, घाम, उडालेली झोप घेऊन परत येतो. वयस्कर लोकांत असा जास्तीचा डोस लांबला तर हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडं ठिसूळ होतात, त्यामुळे ही घाई मला साधी चूक वाटत नाही.

गोळ्या चुकवून टेस्टच्या आधी चार दिवस नेमाने घेतल्या तरी असंच फसवं चित्र दिसतं, टी४ छान आणि टीएसएच मात्र चढलेलं. डॉक्टरांना खरं सांगा, नाहीतर उगाच डोस वाढेल.

फक्त गरोदरपणात थांबायचं नाही. सुरुवातीचे महिने बाळ आईच्या टी४ वरच अवलंबून असतं आणि गोळी घेणाऱ्या आईला बहुतेक वेळा जास्त डोस लागतो, म्हणून दिवस राहिल्याचं कळताच टेस्ट आणि मग गरोदरपणाच्या मध्यापर्यंत साधारण दर ४ आठवड्यांनी.

एकदा डोस बसला की वर्षातून एकदा पुरतं. मध्येच कॅल्शियम किंवा लोहाची गोळी सुरू झाली तर ती थायरॉइडच्या गोळीपासून ४ तास लांब ठेवायची, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. गोळीचा ब्रँड बदलला तर मात्र त्या तारखेपासून ६ आठवडे मोजून एकदा टीएसएच बघून घ्यायचं.