ब्राउझरमधले ‘इन्स्पेक्ट’ सगळ्यांच्या हाती कसे आले

डेस्कटॉपवर क्रोम, एज किंवा फायरफॉक्समध्ये कुठल्याही पानावर राइट-क्लिक केले की ‘इन्स्पेक्ट’ दिसते. त्यावर क्लिक केले की पान आतून कसे बनले आहे ते तपासण्याची साधने उघडतात. ही साधने सगळ्यांना द्यावीत का, हा वाद अधूनमधून निघतो. निर्णय मात्र २००६ ते २०१२ या सहा वर्षांतच होऊन गेला.

पानाचा सोर्स, म्हणजे त्यामागचा कोड, पाहण्याची सोय मोझेइक या सुरुवातीच्या ब्राउझरच्या काळापासून आहे. पण तिथे दिसतो तो सर्व्हरने पाठवलेला मूळ मजकूर. पानात चालणाऱ्या जावास्क्रिप्ट कोडने नंतर काय उलथापालथ केली ते कळत नाही. ते दाखवणारा डॉम इन्स्पेक्टर फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाकडे होता, पण फायरफॉक्सच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत तो ऐच्छिक होता आणि फायरफॉक्स ३ मध्ये (२००८) त्याला वेगळे ॲड-ऑन (ब्राउझरला वरून जोडायची पुरवणी) करून टाकले. खरी कलाटणी दिली फायरबगने. जो ह्यूइट यांचे हे ॲड-ऑन जानेवारी २००६ मध्ये आले. पानाची रचना (एचटीएमएल), सजावट (सीएसएस), नेटवर्क आणि कोड टाइप करून चालवण्याची जागा म्हणजे कन्सोल, हे सगळे एकाच पट्टीत मिळू लागल्यावर कोडमध्ये जागोजागी अलर्ट (संदेशाची चौकट) टाकून चूक शोधण्याचे दिवस संपले.

त्याच वर्षी सफारीमागच्या वेबकिट या इंजिनमध्ये वेब इन्स्पेक्टर आला. क्रोमने २००८ मध्ये तोच घेतला, इंटरनेट एक्सप्लोरर ८ ने २००९ मध्ये एफ१२ चे बटण रूढ केले आणि फायरफॉक्स १० पासून (२०१२) स्वतःचा इन्स्पेक्टर आला. सफारीने मधला मार्ग धरला: साधने आत, पण मेनू बंद. सेटिंग्जमधल्या ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबमध्ये खूण केल्यावरच ‘डेव्हलप’ मेनू दिसतो.

विरोधाचे कारण ठरला तो कन्सोल. ‘हा कोड पेस्ट करा, दुसऱ्याचे खाते उघडेल’ अशा आमिषाला भुलून लोक स्वतःच्याच लॉगिनमध्ये परका कोड चालवतात. याला सेल्फ-एक्सएसएस म्हणतात. फेसबुकने कन्सोलमध्ये मोठ्या अक्षरांत ‘स्टॉप!’ छापायला सुरुवात केली. फायरफॉक्स पेस्ट अडवतो आणि ‘अलाउ पेस्टिंग’ असे हाताने टाइप करायला लावतो. कन्सोल आधीपासून वापरणाऱ्याला हा अडथळा येत नाही. पुढे क्रोमनेही हीच पद्धत घेतली. कुलूप नेमके पेस्टच्या जागी बसते, म्हणून हा उपाय अख्खी साधने लपवण्यापेक्षा सरस.

इन्स्पेक्टरमध्ये बँकेच्या पानावरची शिल्लक बदलता येते, हे खरे. पण बदल फक्त त्या पडद्यापुरता. पान रिफ्रेश केले की गेला. रिफंडच्या नावाखाली फसवणारे रिमोट ॲक्सेस, म्हणजे दुरून संगणकाचा ताबा, घेऊन नेमका हाच खेळ करतात.

उलट बाजू अमेरिकेतल्या मिझुरीत दिसली. ऑक्टोबर २०२१ मध्ये सेंट लुईस पोस्ट-डिस्पॅचच्या पत्रकाराला राज्याच्या संकेतस्थळावर शिक्षकांचे सोशल सिक्युरिटी क्रमांक (तिथले खासगी ओळख क्रमांक) पानाच्या सोर्समध्येच सापडले. दुरुस्ती होईपर्यंत वृत्तपत्राने बातमी रोखून धरली. तरीही गव्हर्नर माइक पार्सन यांनी त्या पत्रकाराला हॅकर ठरवले. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारी वकिलाने खटला भरायला नकार दिला. सोर्स वाचकाच्या संगणकावर आधीच पोचलेला असतो, त्यामुळे ‘इन्स्पेक्ट’ काढून टाकले तरी ते क्रमांक तसेच उघडे राहिले असते.

शाळा-कार्यालयांसाठी वेगळी वाट आहेच. क्रोमच्या ‘डेव्हलपर टूल्स अव्हेलेबिलिटी’ या धोरणात २ भरले की साधने बंद होतात, १ भरले की सगळीकडे चालतात. मोबाइलवर मात्र ‘सगळ्यांसाठी’ हे अजून अर्धेच खरे आहे. अँड्रॉइडवरचे क्रोमचे पान तपासायचे तर फोनमध्ये यूएसबी डीबगिंग (संगणकाला फोन तपासू देणारी सेटिंग) सुरू करून तो संगणकाला जोडावा लागतो, आणि आयफोनच्या सफारीसाठी मॅक हवा.